भावाचा रिपोर्ट 'एमटीएचएफआर टीटी', माझं होमोसिस्टिन ४१, आणि भाचीने फॉलिकची गोळी बंद केलीय

रेषाखंड | रविवार, रात्री ११:२०

नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी नाशिकची, वय ४७, माध्यमिक शाळेत गणित शिकवते. घर शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. धाकटा भाऊ न्यू जर्सीत असतो. दिवाळीत सवलत होती म्हणून त्याने एका कंपनीच्या नळीत थुंकून डीएनए तपासायला दिला. त्याला मुळात पूर्वज कुठले ते बघायचं होतं. ते जिथले असणार तिथलेच निघाले. मग त्याने तीच कच्ची माहिती दुसऱ्या एका संकेतस्थळावर चढवली आणि तिथून चाळीस पानी रिपोर्ट आला, अर्धा लाल रंगात. पहिल्याच पानावर एका जनुकाचं नाव : एमटीएचएफआर, सी६७७टी, टीटी. खाली 'मिथिलेशन बिघडलेले'.

त्या रविवारी फोन. "ताई, आपल्या घराण्याचं कोडं सुटलं."

कोड्यात काय काय होतं ते सांगते. आईला ६३व्या वर्षी आलेला अर्धांगवायू. बाबांचा मधुमेह. भावाची झोप न लागणं. चुलत बहिणीचं डिप्रेशन. मोठ्या काकांचं टक्कल. आणि माझे दोन गर्भपात, २००५ आणि २००७चे.

एका सूत्राने पुस्तकातली सगळी उदाहरणं सुटायला लागली की मी मुलांना सांगते, सूत्र परत तपासा रे. त्यामुळे टकलापर्यंत मी हसत होते. त्या दोनवर मात्र हसता आलं नाही. सासूबाई तेव्हा म्हणायच्या, सूनबाई जिने फार चढते. आता भाऊ म्हणतोय, तुझ्यात जनुकच तसं. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ गॅलरीत नुसती उभी होते. मुलगा आता बारावीला आहे, सगळं मागे पडलंय असं वाटत होतं.

तर मीही तपासण्या करून घेतल्या. घरी रक्त न्यायला मुलगा आला होता, सकाळी सात वाजता. रिपोर्ट असा :

एमटीएचएफआर सी६७७टी : सीटी
होमोसिस्टिन (रक्तातलं एक अमिनो आम्ल) : ४१ (५ ते १५ हवं म्हणे)
बी१२ : १२१ पिकोग्रॅम
हिमोग्लोबिन १०.९, एमसीव्ही (तांबड्या पेशींचं सरासरी आकारमान) ८८

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी जनुकाचा कागद वाचला, घडी घालून परत दिला आणि बी१२ची इंजेक्शनं लिहून दिली. एवढंच. मी म्हटलं, "अहो पण म्युटेशन?" तर म्हणाले, "असू दे." दुसरा पेशंट आत आला.

इकडे भावाने कोणाबरोबर तरी मिथिलफोलेटच्या (फॉलिकचं शरीराला थेट वापरता येणारं रूप म्हणे) दोन बाटल्या पाठवल्यात, एकेक गोळी १५ मिलिग्रॅमची. आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं : 'साधं फॉलिक अ‍ॅसिड आपल्या शरीरात चढतच नाही, उलट विष होतं. ज्या कोणी घेत असतील त्यांनी आजच बंद करा.' माझ्या नणंदेची मुलगी, वय २८, अंबरनाथला असते, बाळाचा विचार चाललाय. तिने ते वाचून खरंच गोळी बंद केली. नातं तिचं माझ्या माहेरशी काही नाही, ग्रुपात आपली आहे म्हणून वाचलं! आता नणंद मला विचारतेय, तुझा भाऊ म्हणतो ते खरं का?

जाणकारांनी सांगावं. भाचीचं सगळ्यात आधी.


गवतीचहा | रविवार, रात्री ११:५२

मलाही हेच निघालंय, ए१२९८सी का काहीतरी. मी स्पिरुलिना सुरू केलं, त्यात बी१२ भरपूर असतं आणि शाकाहारी आहे. खूप एनर्जी वाटते. इंजेक्शनच्या नादी लागू नका, एकदा सुरू झालं की कायमचं.


सेंट्रीफ्यूज | सोमवार, पहाटे ५:४०

रेषाखंडताई, मी मिरजेचा. एकतीस वर्षं रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत बायोकेमिस्ट्रीच्या टेबलावर काढली, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. डॉक्टर नाही. पण होमोसिस्टिनच्या नळ्या पुष्कळ फिरवल्यात.

पहिलं भाचीचं. तिला आजच फोन करा आणि गोळी सुरू करायला सांगा. तिच्या डॉक्टरांनी दिलेली तीच, साधं फॉलिक अ‍ॅसिड. बाळाचा मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतो ती गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकली की काय असं वाटून किट आणेपर्यंत ते काम होत आलेलं असतं. म्हणून गोळी आधीपासून हवी, निदान महिनाभर तरी, रोज ४०० मायक्रोग्रॅम. ती नळी नीट मिटावी यासाठी माणसांवर पडताळून सिद्ध झालेली गोष्ट फॉलिक अ‍ॅसिड हीच आहे. १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांत केलेल्या चाचणीत, आधी असं बाळ झालेल्या बायकांना रोज ४ मिलिग्रॅम दिलं, तर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. मिथिलफोलेट वाईट नाही हो, पण त्याच्यावर या कामासाठी अशी परीक्षा झालेली नाही.

'चढतच नाही' हे खोटं. अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था हेच सांगते, भावाच्याच देशातली आहे, त्याला दाखवा. टीटी असलेलं माणूस, म्हणजे ज्याच्या या जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या, सगळ्या प्रकारचं फोलेट (हे एक बी-जीवनसत्त्व) वापरू शकतं, फॉलिक अ‍ॅसिडसुद्धा. सारखीच मात्रा घेतली तर सीसीवाल्याच्या (दोन्ही प्रती मूळच्याच) तुलनेत त्याच्या रक्तात फोलेट सुमारे १६ टक्के कमी भरतं. शंभर रुपयांतले चौऱ्याऐंशी हातात आले, एवढाच मामला.

आता तुमचं. हे मिथिलेशन प्रकरण मी शिकाऊ पोरांना स्लॅबवरून सांगायचो. घरावर स्लॅब पडताना पाहिलाय ना? खाली मिक्सरपाशी एक जण फावड्याने घमेलं भरतो. शिडीवरचा ते झेलून वर देतो. वर एक जण रिकाम्या हातांनी उभा असतो, तो माल घेऊन पसरायला जातो. तर माल म्हणजे मिथिल. घमेलं म्हणजे फोलेट. भरणारा गडी म्हणजे तुमचं एमटीएचएफआर. शिडीवरचा म्हणजे बी१२. आणि वर रिकाम्या हातांनी ताटकळणारा म्हणजे होमोसिस्टिन. हातात माल पडला की त्याचा मिथिओनिन होतो आणि तो शरीरभर मिथिल वाटत फिरतो : डीएनएवर खुणा करायला, क्रिएटिन करायला, अ‍ॅड्रेनलिन करायला. रक्तात होमोसिस्टिन वाढलं म्हणजे वर रिकाम्या हातांची गर्दी झाली.

टीटी म्हणजे काय, तर भरणारा गडी सावकाश. जनुकात ६७७व्या जागी सीच्या ऐवजी टी, त्यामुळे प्रथिनात २२२व्या जागी अ‍ॅलानिनच्या ऐवजी व्हॅलिन. १९९५ मध्ये माँट्रियलच्या रिमा रोझेन यांच्या गटाने हे शोधलं. नळीत मोजलं तर टीटीचा वेग सीसीच्या साधारण ३० टक्के भरतो, सीटीचा ६५ टक्के. ऐकायला भयंकर वाटतं. पण माल आणि घमेली भरपूर असली की सावकाश गडीही दिवसभरात स्लॅब पुरा करतो. टीटी असलेल्यांचं होमोसिस्टिन चढतं ते मुख्यतः फोलेट कमी पडलं की. आणि तुम्ही तर सीटी, एकच प्रत बदललेली. अशी माणसं ढिगाने आहेत, त्याला रोग म्हणत नाहीत.

तुमच्या घरात शिडीच रिकामी आहे, ताई. बी१२ १२१! खालचा गडी कितीही चपळ असता तरी वर काय पोचणार होतं? आणि भावाच्या बाटल्या म्हणजे शिडीवर माणूस नसताना खाली आणखी भरलेली घमेली आणून ठेवणं. मिथिलफोलेट एकदा तयार झालं की ते मागे फिरत नाही, बी१२ येऊन उतरवून घेईपर्यंत तिथेच अडकून पडतं. पुस्तकात त्याला फोलेटचा सापळा म्हणतात. वर आणखी एक धोका, भरमसाट फोलेट घेतलं की बी१२च्या अभावाने होणारा अ‍ॅनिमिया रिपोर्टात झाकला जातो आणि नसांचं नुकसान मात्र आतून चालू राहतं. १५ मिलिग्रॅम म्हणजे ४०० मायक्रोग्रॅमच्या किती पट, ते तुम्हीच काढा. पायांना मुंग्या येतात का? डॉक्टरांना सांगितलंत का?

एमसीव्ही ८८ बघून कोणी म्हणेल, बी१२ कमी असतं तर पेशी मोठ्या झाल्या असत्या. तुमचं हिमोग्लोबिन १०.९ आहे. लोहही कमी असणार असा माझा अंदाज. लोहाची कमतरता पेशी लहान करते, बी१२ची कमतरता मोठ्या करते, दोघांची सरासरी ८८. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, करून घ्या.

आता मला खरा संशय आहे त्या ४१वर. मुलगा सातला आला. तुमच्यानंतर आणखी किती घरं केली त्याने? बर्फ होता का पिशवीत? होमोसिस्टिनची नळी काढल्या काढल्या बर्फात घालावी लागते आणि तासाभरात फिरवून प्लाझ्मा वेगळा करावा लागतो. नाहीतर तांबड्या पेशी बाहेरसुद्धा होमोसिस्टिन सोडत राहतात, तासाला साधारण दहा टक्क्यांनी आकडा वर. आमच्याकडे वॉर्डातून नळी खिशात टाकून आणणारे मामा होते, चहाला थांबून यायचे. त्यांनी किती जणांना 'हाय होमोसिस्टिन' केलं असेल देव जाणे. स्वतः जाऊन, सकाळी उपाशीपोटी, तिथेच सेंट्रीफ्यूज असलेल्या ठिकाणी पुन्हा द्या. पण इंजेक्शन सुरू करायच्या आधी, नाहीतर मूळ आकडा कधीच कळणार नाही.

गवतीचहा, स्पिरुलिनात बी१२सारखं दिसणारं जे असतं ते बहुतांश आपल्या शरीराला उपयोगी नसलेलं, नकली. काही तपासण्यांत ते बी१२ म्हणून मोजलं जातं, हा आणखी घोळ. एनर्जी वाटते ती वाटू दे.


तिठा | सोमवार, सकाळी ९:१५

सेंट्रीफ्यूज काका, घमेल्यांना दंडवत.

रेषाखंडताई, नुसतं एक सांगायला लिहितेय. माझं पहिलं बाळ पाठीवर गाठ घेऊन आलं होतं. सहाव्या महिन्यात सोनोग्राफीत कळलं. तेव्हा आमच्या तालुक्याच्या गावी दिवस गेल्यावरच नाव घालायचे आणि मग लोहाच्या लाल गोळ्या मिळायच्या, फॉलिक त्याच्यातच. आधी घ्यायचं असतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी तीन महिने आधी ५ मिलिग्रॅमची गोळी सुरू केली, आधी तसं झालं होतं म्हणून एवढी मोठी. मुलगी आता सहावीत आहे, लंगडी खेळते.

तुमच्या भाचीला माझ्यासारखी मोठी गोळी लागेल असं नाही, ते तिची डॉक्टर ठरवेल. पण व्हॉट्सअ‍ॅप वाचून बंद नको.


नारायणपेठी | सोमवार, दुपारी १:०५

सेंट्रीफ्यूज, सगळं ऐकलं. पण मग हे जनुक म्हणजे निव्वळ बागुलबुवा का? ताईंच्या आईला स्ट्रोक आला, होमोसिस्टिन आणि रक्तवाहिन्यांचं नातं तर कार्डिऑलॉजिस्टही सांगतात. आमच्या सोसायटीत अर्धे लोक होमोसिस्टिन उतरवायची गोळी खातात. आणि शाकाहार हजारो वर्षांचा, तेव्हा कुठे होती इंजेक्शनं? आपल्या पूर्वजांना बी१२ कमी होतं याचा काही पुरावा?


सेंट्रीफ्यूज | सोमवार, रात्री ८:३०

नारायणपेठी, पूर्वजांचं रक्त माझ्या टेबलावर कधी आलं नाही, त्यामुळे त्यांचं सोडा. तुमच्या गावच्या आजच्या लोकांचं मात्र आलंय, माझ्या नाही, पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या टेबलावर. २००६ साली त्यांनी छापलं : ४४१ मध्यमवयीन पुरुष, काही खेड्यातले, काही झोपडपट्टीतले, काही शहरी मध्यमवर्गीय. बी१२ कमी असलेले एकूण ६७ टक्के. आणि शहरी मध्यमवर्गात ८१. पेठेत राहता तर पाचातले चार शेजारी मोजा. (त्यांची रेषा १५० पिकोमोल होती, आपल्या रिपोर्टातल्या भाषेत सुमारे २०० पिकोग्रॅम.)

पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांचाही त्यांनी १९९३पासून पाठपुरावा केला. गरोदरपणी ज्यांचं फोलेट भरपूर आणि बी१२ कमी, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त निघालं. म्हणून भाचीचंही बी१२ तपासून घ्या, फॉलिक चालू ठेवूनच. शिडीवर माणूस तिच्याकडेही हवा.

बागुलबुवा का? नाही. सौम्य आहे. टीटी मातांमध्ये त्या मज्जारज्जूच्या दोषाची शक्यता थोडी वाढते, साधारण दुपटीच्या आसपास, आणि मूळ शक्यताच लहान असते. दुसरं मला फार आवडतं ते उत्तर आयर्लंडमधल्या अल्स्टर विद्यापीठाचं काम. टीटी गड्याच्या फावड्याचा दांडा सैल असतो. तो दांडा म्हणजे बी२, रायबोफ्लेविन. त्यांनी टीटी लोकांना रोज १.६ मिलिग्रॅम, म्हणजे जेवणातून मिळतं तेवढंच बी२ जास्तीचं दिलं आणि होमोसिस्टिन उतरलं, ज्यांचं बी२ मुळात कमी होतं त्यांचं तर पुष्कळच. टीटी असलेल्या रक्तदाबाच्या रुग्णांचा दाबही खाली आला. सीसीवाल्यांना ढिम्म फरक नाही. जनुकाप्रमाणे आहार म्हणतात तो हा, आणि तो कसला, तर दूध-दही. रायबोफ्लेविनला उजेड मात्र सोसत नाही, पारदर्शक पिशवी उन्हात ठेवलेल्या दुकानातून दूध घेऊ नका.

स्ट्रोक आणि हार्टचं. होमोसिस्टिन जास्त असलेल्यांना हृदयविकार जास्त, हे दिसलं होतं. मग लोकांनी तर्क केला की उतरवलं की रोग टळेल. २००६ साली कॅनडातून चालवलेल्या होप-२ चाचणीत ५५२२ आणि नॉर्वेच्या चाचणीत ३७४९ रुग्णांवर बी-जीवनसत्त्वं वापरून पाहिली. होमोसिस्टिन उतरलं. हार्ट अ‍ॅटॅक कमी झाले नाहीत. स्ट्रोकबाबत थोडी आशा दिसली, आणि २०१५ साली चीनमध्ये वीस हजारांवर रक्तदाबाच्या रुग्णांना दाबाच्या गोळीबरोबर फॉलिक अ‍ॅसिड दिल्यावर पहिला स्ट्रोक २१ टक्क्यांनी घटला. पण तिथल्या पिठात फॉलिक मिसळलेलं नसतं आणि टीटी लोकही पुष्कळ. आपल्याकडे टीटी त्या मानाने कमी. ताईंच्या आईंना बीपी होतं का? माझा पैसा त्याच्यावर.

गर्भपाताबद्दल मी पुरुष माणूस, जपून लिहितो. अमेरिकन जनुकवैद्यक महाविद्यालयाने २०१३ मध्येच सांगितलंय की वारंवार गर्भपात किंवा रक्ताच्या गुठळ्या यांचं कारण शोधताना एमटीएचएफआर तपासूच नका, कारण त्या उत्तराने काही कळत नाही. रेषाखंडताई, भावाने ते दोन या खुंटीला टांगले, तुम्ही उतरवून घ्या. जिन्यांनाही टांगू नका.


गवतीचहा | सोमवार, रात्री ९:०२

काका, नकली म्हणजे? बाटलीवर स्पष्ट लिहिलंय. असो. मी मोजून घेते.


रेषाखंड | मंगळवार, रात्री १०:१०

सर्वांची आभारी आहे. तिठा, तुमचं वाचून नणंदेला लगेच फोन लावला, तिने तो प्रतिसाद भाचीला जसाच्या तसा पाठवला. गोळी कालपासून सुरू. मध्ये अठरा दिवस गेले. सुदैवाने या महिन्यात काही नव्हतं.

काका, १५ मिलिग्रॅम म्हणजे साडेसदतीस पट. बाटल्या कपाटावर ठेवल्यात, वरच्या कप्प्यात.

मुंग्या : हो, येतात. फळ्यासमोर उभं राहून येत असतील असं मी दोन वर्षं धरून चालले होते. डॉक्टरांना सांगितलं नव्हतं.

आईला बीपी होतं. गोळी चुकवायची, उपासाच्या दिवशी तर हमखास.

एक गोष्ट स्वतःशीच मांडून पाहिली. भाऊ टीटी म्हणजे आईकडून एक टी, बाबांकडून एक टी. दोघं सीटी धरले तर पोरांत एक चतुर्थांश टीटी, अर्धे सीटी, एक चतुर्थांश सीसी. हा चौकोन आमच्या शास्त्राच्या बाई दरवर्षी वाटाण्यांवर काढतात, मी स्टाफरूममध्ये तपासायच्या वह्या घेऊन शेजारीच बसलेली असते. आमच्या घरात तो आजवर कोणी मांडला नव्हता.

मूळ आकडा घ्यायला उद्या सकाळी स्वतः जाते.


रेषाखंड | दहा आठवड्यांनंतर, शनिवार

धागा वर आणतेय, कारण अर्धवट सोडलेलं उदाहरण मला बघवत नाही.

त्या बुधवारी प्रयोगशाळेत जाऊन रक्त दिलं. तिथल्या मुलीला विचारलं, बर्फ आहे का? तिने चमकून पाहिलं आणि खालून थर्मासची पेटी काढली. आकडा आला २७. म्हणजे ४१मधले १४ त्या मुलाच्या स्कूटरवर तयार झाले होते. पण २७ही खरेच जास्त. फेरिटिन ९ निघालं, काकांचा अंदाज बरोबर.

इंजेक्शनं झाली, आता गोळी चालू, लोहही. परवाचं होमोसिस्टिन १२. सीटी जशीच्या तशी. मुंग्या बऱ्याच कमी, डाव्या अंगठ्यात अजून आहेत. डॉक्टर म्हणाले, नसांना वेळ लागतो.

बाबांचंही तपासलं. बारा वर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू, बी१२ ९८. कोणी कधी मोजलंच नव्हतं. मेटफॉर्मिनने ते उतरतं हे आता डॉक्टरांनीच सांगितलं, आधी विचारलं असतं तर आधीच सांगितलं असतं म्हणे. बाबा इंजेक्शनला तयार नव्हते. 'घमेल्याची' गोष्ट सांगितली, तर गवंडीकामावर देखरेख केलेला माणूस, दोन मिनिटांत पटलं. फक्त म्हणाले, शिडीवर एक नसतो, तीन लागतात.

भावाला मी एकच काम सांगितलं, तुझं होमोसिस्टिन कर. त्याच्या डॉक्टरने कुरकुर करत लिहून दिलं. टीटी, चाळीस पानं लाल, आणि आकडा ११. त्याचा विश्वास बसेना. मग मी त्याला विचारलं, नाश्त्याला काय खातोस? पाव, अंडी, सीरियल. तिकडे १९९८पासून कायद्याने मैद्या-पिठात फॉलिक अ‍ॅसिड मिसळतात, १०० ग्रॅममागे १४० मायक्रोग्रॅम. ज्याला विष म्हणून ग्रुपवर टाकलं ते हा रोज सकाळी टोस्टरमध्ये घालतोय, आणि बी१२ अंड्यातून. माझी प्रत त्याच्यापेक्षा बरी असून माझा आकडा त्याच्या अडीचपट होता.

ग्रुपवर त्याने दुरुस्ती टाकली नाही. पण आधीची पोस्ट काढून टाकली.

माझी २००५ आणि २००७ची फाइल या सगळ्यात कपाटातून खाली आली होती. चाळली. तेव्हाच्या डॉक्टरांनी दोन्ही वेळा 'कारण स्पष्ट नाही' एवढंच लिहिलंय. आधी मला ते वाक्य फार कोरडं वाटायचं. या वेळी दोनदा वाचलं आणि फाइल परत ठेवली, बाटल्यांच्या शेजारी नाही, खालच्या कप्प्यात.

भाचीचं बी१२ १७४ होतं, तिलाही सुरू केलंय. बाकी बातमी असेल तेव्हा तीच सांगेल.

काल भावाचा फोन होता. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. ठेवता ठेवता म्हणाला, "ते सगळं ठीक आहे ताई, पण मग मोठ्या काकांचं टक्कल?"